वाटेत सुरत नाही

"दार कुठल्या बाजूला आहे?"

कुठल्याही नव्या जागी गेलं की काकांचा पहिला प्रश्न हाच. लग्नाचं कार्यालय असो, दवाखाना असो, की कुणाकडचा सत्यनारायण असो. यजमान हात जोडून "या, या" म्हणत असायचा आणि काका त्याच्या खांद्यावरून मागे बघत विचारायचे, दार कुठल्या बाजूला आहे? ज्या दारातून आपण आत्ताच आलो ते दार त्यांच्या हिशेबात धरायचं नाही. ते येण्याचं झालं. जाण्याचं दुसरं असेल तर ते आधी ठाऊक असलेलं बरं, असं त्यांचं म्हणणं असे.

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल. पंगतीत कडेचीच जागा धरणारा, नाटकाला गेला की मधल्या खुर्च्यांकडे ढुंकूनही न बघणारा. आपण त्याला तऱ्हेवाईक म्हणतो आणि सोडून देतो. मीही सोडून दिलं असतं. पण बडोद्याला तरसालीत काका आमचे सख्खे शेजारी, आणि मकरपुऱ्याला ज्या कारखान्यात मी खरेदी खात्यात होतो तिथेच ते मेन्टेनन्सचे फोरमन. त्यामुळे सकाळच्या कंपनीच्या बसपासून संध्याकाळच्या ओट्यापर्यंत ते मला आणि मी त्यांना चुकत नव्हतो.

बसमध्ये दारालगतची पहिली सीट त्यांची. पावसाळ्यात तिथे चिखल उडायचा, थंडीत वारा लागायचा, पण काका तिथून हलले नाहीत. एखादा नवा कामगार चुकून तिथे बसलाच, तर जुने लोक त्याला उठवायचे, "ऊठ भाई, ए काकानी जगा छे." एरवी एकमेकांना पाय ठेवायला जागा न देणारी आमची बस ह्या एका बाबतीत फार सुसंस्कृत होती.

फोरमन झाल्यावर त्यांना शॉपच्या कोपऱ्यात काचेची केबिन मिळाली. दुसऱ्याच दिवशी काकांनी बिजागऱ्या सोडवल्या आणि दार उचलून भिंतीला टेकवून ठेवलं. नव्या आलेल्या मॅनेजरने विचारलं, "आपकी केबिन का दरवाजा कहाँ है?" काका म्हणाले, "है ना साहब, वो क्या खड़ा है. सिर्फ लगाया नहीं." मॅनेजर बिचारा दक्षिणेकडून नुकताच आला होता. बडोद्यात असंच असतं असं समजून तो पुढे गेला.

घरी न्हाणीघराची कडी ते लावत नसत. आत माणूस आहे हे बाहेर कळावं म्हणून मोठ्याने पावकी, निमकी, दिडकी असे अपूर्णांकांचे पाढे म्हणत आंघोळ करत. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी त्या बाजूला होती. सकाळी पलीकडून पाऊणकी सुरू झाली की माझी बायको म्हणायची, "झालंच काकांचं, तुम्ही आवरा आता."

कारण आम्ही खूप शोधलं. कुणी म्हणे लहानपणी मास्तरांनी कोंडून ठेवलं असेल, कुणी म्हणे टाकीत उतरले असताना वरून झाकण पडलं असेल. मी एकदा सरळ विचारलंच.

"तुला कारलं का आवडत नाही?" काका म्हणाले.

"कडू लागतं."

"मला बंद दार कडू लागतं. पती गयुं."

'पती गयुं' म्हणजे संपला विषय. आम्ही बडोद्याचे मराठी लोक वाद मिटवताना गुजराती होतो, कारण त्या भाषेत वाद खरोखरच मिटतो.

मात्र मोकळ्यावर काका राजा होते. नवरात्रात मैदानात गरबा सुरू झाला की साठीला आलेला हा माणूस पहिल्या फेरीपासून शेवटच्या फेरीपर्यंत वर्तुळात असायचा. रेल्वेचा प्रवासही त्यांना मानवत असे. मुंबईची गाडी भरूचला थांबली की ते उतरत. सुरतेला उतरून चहा पीत. वलसाडला उतरून नुसतेच हात मागे बांधून उभे राहत. काकू आत सामान धरून बसलेल्या. गाडी हलली की त्या खिडकीतून ओरडत, "अहो, चढा!" आणि काका ऐटीत चढत. "मध्ये उतरता येतं म्हटलं की बसवतं," असं ते म्हणायचे.

काकू प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. शांत, हसऱ्या आणि जरा जास्तच हुशार. घर बांधताना त्यांनी गवंड्याशी भांडून प्रत्येक खोलीला दोन दारं आणि दाराएवढ्या खिडक्या करून घेतल्या होत्या. गवंडी म्हणाला, "बेन, आमां चोर आवशे." काकू म्हणाल्या, "येऊ दे. हे तर आत राहतील." फक्त मधली खोली तेवढी बंदिस्त राहिली, कारण तिच्या चारी बाजूंना खोल्याच होत्या. काका तिथून जाताना पावलं उचलून जात.

त्यांना एकच मुलगी, शिल्पा. ते दिवस असे होते की आमच्या गल्लीतलं प्रत्येक हुशार पोर कॉम्प्युटर शिकत होतं आणि शिकलं की उडत होतं. कारखान्यांत उलटं चाललेलं. तिथे माणसं कमी करायचा सपाटा लागला होता. काकांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली त्याच वर्षी शिल्पाचं लग्न झालं आणि ती नवऱ्याबरोबर सिंगापूरला गेली. वर्षाच्या आत तिला दिवस गेले. बाळंतपणाला ती तरसालीला येणार हे धरूनच चाललं होतं. काकूंनी डिंक आणून ठेवला होता. पण तिची तब्येत नाजूक झाली आणि तिथल्या डॉक्टरांनी प्रवासाला साफ मनाई केली. आता माहेरच उचलून सिंगापूरला न्यावं लागणार होतं.

"तू जा," काका काकूंना म्हणाले.

"पहिलं नातवंड आहे. तुम्ही नाही बघणार?"

काका ओट्यावर बसून राहिले. मग मला हाक मारून म्हणाले, "अरे, किती वेळ लागतो रे सिंगापूरला?"

निजामपुऱ्यात विमानाची तिकिटं काढून देणारे हर्षदभाई माझ्या ओळखीचे होते. मी काकांना स्कूटरवर घालून तिकडे नेलं. दुकानाचं दार काचेचं, आपोआप मिटणारं. काकांनी स्वतःची चप्पल त्यात अडकवून ठेवली आणि अनवाणी आत आले.

"मुंबईथी चार हजार किलोमीटर जेटलुं," हर्षदभाई म्हणाले.

"ते राहू द्या. वेळ किती?"

"साडा पांच कलाक. अरे काका, अहींथी ट्रेनमां मुंबई जाव ने, एटलो ज टाइम!"

"हर्षदभाई, ट्रेनने जाताना वाटेत सुरत लागते. तुमच्या विमानाला सुरत कुठे आहे?"

हर्षदभाईंना जगातल्या सगळ्या शहरांच्या वेळा तोंडपाठ होत्या, पण विमानाची सुरत त्यांत नव्हती. ते नुसतं "बधुं सारुं थशे, काका" म्हणाले आणि पंखा वाढवला.

तिकिटं हातात आली तेव्हा निराळाच घोटाळा झाला. मुंबईहून सकाळी साडेसातला निघणार, सिंगापूरला दुपारी साडेतीनला पोचणार, असं त्यावर छापलेलं होतं. काकांनी बोटांवर मोजलं. आठ तास! परतीचं विमान संध्याकाळी सातला निघून रात्री सव्वादहाला मुंबईत. म्हणजे तीन तास आणि थोडे.

"बघ," ते मला म्हणाले, "हर्षदभाई धंदेवाला माणूस, कमीच सांगणार. जाताना आठ आहेत. पण येताना तीन! येताना उतार लागत असेल."

तुम्ही म्हणाल, फोरमन माणसाला एवढं कळू नये? सिंगापूरचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असतं, त्यामुळे जाताना वेळ फुगतो आणि येताना आटतो. शांत डोक्याने बसले असते तर हे त्यांनीच मला समजावलं असतं. पण भ्यालेला माणूस छापलेल्या आकड्यापलीकडे बघत नाही. मी समजावून सांगायला तोंड उघडलं तेवढ्यात काकूंनी चहाचा कप माझ्या हातात अशा काही रीतीने ठेवला, की मी गप्प बसलो. निघताना त्या फाटकाशी येऊन हळूच म्हणाल्या, "आठच राहू दे रे. आठाची तयारी केली तर साडेपाच निभतील."

"आणि येतानाचं?"

"येतानाचं येताना बघू."

मग त्या मधल्या खोलीचं विमान झालं. कल्पना काकूंची. दर रविवारी तीन खुर्च्या ओळीने मांडायच्या, दोन्ही दारं लावायची, काकांनी कडेच्या खुर्चीवर बसायचं. कमरेला काकूंच्या जुन्या साडीचा काठ बांधायचा. शेजारी काकू, पलीकडे मी. विमान उडताना आवाज होतो असं हर्षदभाईंनी सांगितलं होतं, म्हणून माझी बायको स्वयंपाकघरात मिक्सर सुरू करायची. नंतर ती ट्रे घेऊन यायची आणि विचारायची, "व्हेज की नॉनव्हेज?" ट्रेमध्ये उपमा असायचा.

पहिल्या रविवारी मिक्सर थांबायच्या आत काका साडीच्या काठासकट बाहेर पळाले. उडत्या विमानातून उतरलेला तो माणूस अंगणात उभा राहून ताक पीत होता. दुसऱ्या रविवारी उपम्यापर्यंत टिकले. आम्ही पत्ते आणले, मेंढीकोट मांडला. मध्येच त्यांचा हात थांबायचा, पत्ते तसेच धरलेले, नजर दारावर. काकू म्हणायच्या, "अहो, उतारी तुमची." ते पान टाकायचे. कुठलं टाकलं हे त्यांना कळत नसे.

शेवटच्या रविवारी ते छापलेले आठ तास पुरे बसले. मी दार उघडलं तेव्हा त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. ते अंगणात गेले, उन्हात उभे राहिले. मी टाळ्या वाजवत म्हणालो, "जमलं की हो काका!"

"जमलं नाही रे," ते म्हणाले. "सोसलं."

ते गेले. पुढची हकिगत काकूंच्या तोंडून ऐकलेली. विमानाचं दार लागलं तेव्हा काकांनी त्यांचा हात धरला आणि तो सिंगापूरपर्यंत सोडला नाही. काकूंच्या दोन बांगड्या त्या पकडीतच वाढल्या. खाल्लं नाही, पाणी प्यायले नाहीत, डोळे मिटले नाहीत. ओठ हलत होते. काकूंनी कान लावला तर दिडकी चालली होती. विमान टेकलं तेव्हा मात्र गडी एकदम खुलला. "बघ, लवकर आणलं!" म्हणून त्यांनी पायलटची तारीफ केली.

शिल्पा न्यायला आली होती. तिने बाबांच्या मनगटावरचं घड्याळ पुढे करून दिलं, आणि करता करता सगळा उलगडाही केला. पोरगी वडिलांसारखीच सरळ. काका हिशेब करत राहिले.

"म्हणजे येताना तीन नाहीत?"

"नाही बाबा. येताना जाण्यापेक्षा थोडा जास्तच वेळ लागतो. वारा समोरून असतो."

काकू म्हणतात, त्यांचा चेहरा तेव्हाच पडला. बाळ झालं, मुलगा झाला, काकांनी त्याला मांडीवर घेतलं, बारशाला पेढे वाटले. सगळं झालं. पण परतीचा दिवस आला आणि ते विमानतळावरच्या खुर्चीतून उठेनात. त्यांनी सगळं बळ जाण्यात घातलं होतं. येण्यासाठी तीन तासांपुरतंच राखून ठेवलेलं होतं, आणि त्यात त्यांना मुंबई गाठता येत नव्हती. काकूंची शाळा उघडत होती. "तू हो पुढे," ते म्हणाले. "मी पुढच्या आठवड्यात येतो."

तो पुढचा आठवडा पुढे तीन वर्षं चालला.

शिल्पाने त्यांची तिथे राहायची रीतसर परवानगी काढली. काकू तरसालीत एकट्या राहू लागल्या. उन्हाळ्याची आणि दिवाळीची सुट्टी लागली की त्या विमानात बसून नवऱ्याला भेटायला जायच्या आणि शाळा उघडायच्या आदल्या दिवशी परत यायच्या. शाळेतल्या बायका चेष्टा करायच्या, "बाई, लोक सुट्टीत माहेरी जातात, तुम्ही सासरी जाता." काकूही हसायच्या. फाटकाचं कुलूप काढताना मात्र त्यांना कुणाशी बोलावंसं वाटत नसे, आणि आमच्या घरातलं कुणी तेव्हा बाहेर जात नसे.

रविवारी काकांचा फोन यायचा. आधी काकूंकडे, मग आमच्याकडे. बसमध्ये माझ्या जागेवर कोण बसतं? गरब्याचं मैदान कुठलं ह्या वर्षी? एकदा म्हणाले, "जावयाने नकाशा आणलाय. रस्त्याने येता येईल का बघतोय." आठवडाभर ते त्या नकाशावर वाकलेले होते. सिंगापूरहून पुलावरून मलेशिया, तिथून गाडीने थायलंड, इथपर्यंत सगळं सुरळीत. "ब्रह्मदेशात अडतंय रे," पुढच्या रविवारी ते म्हणाले. "तिथून जाऊ देत नाहीत. बोटीचंही विचारलं, मद्रासची बोट केव्हाच बंद झालीय." चारशे वर्षांपूर्वी माणसं चालत, गलबतातून, कशीही यायची, आणि आता एवढी प्रगती होऊन ह्यांना यायला वाट नव्हती. मला तेव्हा फार राग आला होता, कुणाचा ते सांगता येणार नाही.

काकूंच्या निवृत्तीला चार महिने उरले होते तेव्हा आमच्या कंपनीने एक मशीन बघायला मला आठवडाभर सिंगापूरला पाठवायचं ठरवलं. काकूंनी बातमी ऐकली आणि त्या खुर्चीत बसल्या.

"तुझ्याबरोबर येतील," त्या म्हणाल्या. "मी बायको आहे, माझ्यापुढे त्यांना भ्यायला येतं. तुझ्यापुढे लाजतील."

शिल्पाने माझ्याच विमानाचं, माझ्या शेजारच्याच सीटचं तिकीट काढलं. इकडे काकूंनी घराला रंग काढला. बडोद्याचा लिलो चेवडो डब्यात भरून दिला आणि म्हणाल्या, "त्यांना सांग, परत येताना डबा त्यांनी आणायचा."

शिल्पाचं घर चौदाव्या मजल्यावर होतं. लिफ्ट म्हणजे काकांच्या मते उभं केलेलं विमान, त्यामुळे ते जिने चढत. गुडघे दुखायचे म्हणून सकाळी एकदाच उतरायचे आणि संध्याकाळी एकदाच चढायचे. मधला सगळा दिवस खाली. त्या इमारतींना तळमजल्यावर भिंती नसतात, नुसते खांब असतात आणि खांबांमध्ये दगडी टेबलं. तिथे मला काका सापडले. वाळले होते. समोर एक चिनी म्हातारा, मध्ये सोंगट्यांचा पट. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. नातू खांबाभोवती तीनचाकी फिरवत होता.

"बघ, दारच नाही!" काकांनी हात पसरून मला तळमजला दाखवला. मग डबा उघडून चेवड्याचा वास घेतला आणि झाकण पुन्हा घट्ट लावलं.

"इथे वाईट काही नाही रे," ते म्हणाले. "मुलगी जीव लावते. जावई सोन्यासारखा आहे. पण मी इथे राहायला आलो नव्हतो. मी अडकलोय. कधी कधी वाटतं, त्या मधल्या खोलीतून मी बाहेर आलोच नाही."

"ह्या वेळी येणार आहात, काका."

"यायलाच हवं. घर तिने बांधलंय. एकेका खिडकीसाठी भांडलीय ती. तिला म्हातारपणी इथे आणून चौदाव्या मजल्यावर ठेवू?"

निघायच्या दिवशी ते माझ्या आधी तयार होते. इस्त्रीचा सदरा, कंपनीतले जुने बूट. बॅग त्यांनी स्वतः ओढली. पासपोर्टवर शिक्का मारून घेतला, विमानाच्या फाटकाशी माझ्या शेजारी बसले, नातवाच्या गमती सांगितल्या. मी मनात म्हटलं, काकू बरोबर बोलल्या, लाजतोय गडी. बोलावणं झालं आणि आम्ही त्या लांब बोळातून चालू लागलो. काकांनी माझी बाही धरली होती. बोळ संपला. पुढे विमानाचं दार, आत हात जोडून उभी असलेली मुलगी, तिच्यामागे खुर्च्यांच्या अरुंद ओळी.

काका थांबले. दाराच्या बाजूला विमानाचं अंग दिसतं, पांढरं, रिव्हेट मारलेलं. त्यावर त्यांनी तळहात ठेवला. कारखान्यात चालू मोटरवर ठेवायचे तसा. मागे लोक खोळंबले.

"काका, चला. मी आहे ना बरोबर."

"तू आहेस रे," ते म्हणाले. "पण तूही आतच असणार."

मी त्यांचा दंड धरला. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मला वाटलं, आता हे पाऊल टाकतील. खरंच वाटलं.

"मशीन उत्तम आहे," ते म्हणाले. "दोष त्याच्यात नाही. तिला सांग, दोष तुझ्यातही नाही." आणि ते वळले. लोकांची माफी मागत, अंग चोरून, आलेल्या गर्दीच्या उलट ते बोळातून परत गेले. मला मागे जाऊ दिलं नाही.

त्यांची बॅग शोधून उतरवेपर्यंत विमान थांबलं. लोक घड्याळं बघत कुरकुरत होते. मी रिकाम्या सीटशेजारी पट्टा बांधून बसलो होतो. दार लागलं. खोटं कशाला बोलू, मला रडू आलं. मग मुंबईपर्यंत माझे पाय अवघडले, श्वास जड झाला. ह्या माणसाने हे एकदा पुरं सोसलं होतं हे मला तेव्हा उमगलं, आणि पुन्हा का जमत नाही हेही.

शिल्पाने फोन करून काकूंना आधीच कळवलं होतं. मी बडोद्याला उतरून घरी न जाता तडक त्यांच्याकडे गेलो. घराला तेलरंगाचा वास येत होता. काकूंनी मला बसवलं, चहा दिला. मग म्हणाल्या, "कुठपर्यंत आले होते?"

"विमानापर्यंत, काकू. हात लावला त्यांनी विमानाला."

"हात लावला?"

"हो."

"म्हणजे निघाले होते," काकू म्हणाल्या. "मला वाटलं, ह्याही वेळी खुर्चीतच बसून राहिले असतील." त्यांनी पदराने डोळे पुसले. काकांचा निरोप मी सांगितला. त्या मान हलवत राहिल्या.

"तुला तेव्हा घड्याळाचं सांगू द्यायला हवं होतं मी."

"सांगितलं असतं तर ते गेलेच नसते काकू. नातू बघितला नसता."

"हो," त्या म्हणाल्या. "आणि घरी असते."

काकूंनी कप उचलले, आत नेऊन विसळले. परत आल्या तेव्हा आवाज शाळेत बोलतात तसा नीट झाला होता.

"रंग बरा झालाय ना रे?"

"छान झालाय."

"मग गिऱ्हाईक लवकर मिळेल. तुझ्या ओळखीत कुणी असेल तर बघून ठेव. शाळा सुटली की मी निघते."

"काकू, हे घर तुम्ही..."

"मला काय रे," काकू म्हणाल्या. "मला विमानात बसल्या बसल्या झोप लागते."